वावरातून आल्यावरची पहिली दहा मिनिटं

वेचणीच्या दिवसांत माय सकाळी वावरात जाते ती दिवेलागणीलाच परत येते. आली की हातपाय धुऊन थेट चुलीपाशी. नेमकं तेव्हाच लेकरू तांब्या लाथाडतं, धाकट्याला चिमटा काढतं. दिवसभर आजीजवळ शहाण्यासारखं बसलं, तेव्हा कोणी काही बोललं नाही. तांब्या सांडला तेव्हा घरातली तीन माणसं धावली. एवढा हिशेब लेकराला कळतो. कोणी विचारतच नाही, त्यापेक्षा शिव्या बऱ्या.

म्हणून लक्ष आधीच द्या. चूल पेटवण्याआधी दहा मिनिटं त्याच्याजवळ बसा. मोबाईल दूर. खेळ त्यानं ठरवायचा, अभ्यास विचारायचा नाही. खोडी केली म्हणून आपण जेवण बंद करत नाही, तशी ही वेळही बंद करू नका. मग स्वयंपाकात हाताशी घ्या. तुरीच्या शेंगा सोलायला चार वर्षांचं पोरही बसतं.

नुसतं "शहाणं माझं लेकरू" पुरत नाही. "भावाला आधी पाणी दिलंस, छान केलंस," असं नेमकं आणि तिथल्या तिथे सांगा.

हट्टानं आरडाओरडा केला तर बघू नका, बोलू नका. थांबलं की मात्र लगेच जवळ घ्या. हेच नेमकं राहून जातं. पहिले काही दिवस ओरडणं वाढेल, कारण रोज मिळायचं ते मिळेना म्हणून लेकरू जोर लावतं. बहुतेक घरं इथेच हरतात. नवव्या हाकेला आबाजी दुकानातून पुडा आणतात आणि लेकरू नऊ वेळा ओरडायला शिकतं. आजी-आबाजींना बोल लावू नका, दिवसभर तेच सांभाळतात. सुरू करण्याआधी त्यांच्याशी बसून ठरवा. द्यायचंच असेल, तर पहिल्या मागण्यालाच द्या.

मारणं, चावणं, विहिरीकडे किंवा फवारणीच्या औषधाकडे जाणं, याकडे कधीच काणाडोळा नको. हात धरून बाजूला घ्या, "मारायचं नाही" एवढंच म्हणा, आणि ज्याला लागलं त्याला आधी जवळ करा.

हाकेला वळतच नसेल किंवा बोलणं मागे असेल, तर तो हट्ट समजू नका. कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा येतं. तारीख अंगणवाडीताईला विचारून ठेवा. लेकरू सांभाळताना तुमचाच जीव मेटाकुटीला आला असेल, तर टेली-मानस या मन हलकं करायच्या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो.