गिऱ्हाईक येतं आणि लगेच जातं? छोट्या धंद्याच्या वेबसाइटच्या या चुका टाळा

नवी वेबसाइट झाली की मालक लिंक पाठवून विचारतात, "कशी वाटतेय?" दिसायला ती छानच असते. पण मालकाने ती पाहिलेली असते दुकानातल्या वायफायवर, मोठ्या स्क्रीनवर, निवांत खुर्चीत बसून. शिवाय आठवडाभर तीच साइट उघडल्यामुळे सगळे फोटो ब्राउझरने आधीच साठवून ठेवलेले असतात. गिऱ्हाईक तीच साइट बघतं संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये, एका हाताने कडी धरून, जुन्या अँड्रॉइड फोनवर, पहिल्यांदा. खालच्या बहुतेक चुका या फरकाचा विसर पडल्यामुळे होतात.

सरकत्या फोटोंचा सोस

या चुकीवर मी सगळ्यात जास्त चिडते, म्हणून तिलाच जास्त जागा.

गिरगावातल्या एक काकू दिवाळीचा फराळ करून विकतात. परदेशी पाठवायच्या डब्यांच्या ऑर्डरी दिवाळीच्या बऱ्याच आधी घ्याव्या लागतात, म्हणून त्यांनी गणपती संपताच नवी साइट सुरू केली आणि इन्स्टाग्रामवर पैसे भरून जाहिरात केली. लोक जाहिरातीवर टॅप करत होते, साइटवर जात होते, पण ऑर्डर काही येत नव्हती. काकूंनी निष्कर्ष काढला की भाव जास्त वाटतोय. चकलीचा दर उतरवायच्या बेतात होत्या.

मी म्हटलं, "काकू, आधी साइट तर बघू." "अगं, साइटचं काय, आमच्याकडे पटकन उघडते!"

मी वायफाय बंद करून उघडली. पांढरं पान. मग वर स्वस्तिक, मग गोल फिरणारं चक्र. सहा सरकत्या फोटोंचा स्लायडर होता. प्रत्येक फोटो फोटोग्राफरने पेनड्राइव्हवर दिला तसाच चढवलेला: ६००० पिक्सेल रुंद, ९ एमबीच्या आसपास. म्हणजे ५४ एमबी. गर्दीच्या वेळी ५ एमबीपीएसचा वेग मिळाला तरी हे सगळं उतरायला दीड मिनिट लागतं. तेवढ्यात माणूस दोन रील बघून झालेला असतो, आणि त्याच्या रोजच्या डेटा पॅकमधला लचका आपण तोडलेला असतो तो वेगळाच.

स्लायडर काढला. फराळाच्या ताटाचा एकच फोटो ठेवला, १२०० पिक्सेल रुंद, वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये, दीडशे केबीच्या आत. त्याखाली तीन ओळी: काय काय मिळेल, किलोचा भाव, परदेशी ऑर्डरची शेवटची तारीख. व्हॉट्सअ‍ॅपवर विचारणा सुरू झाली. चकलीचा भाव होता तोच राहिला.

स्लायडरच्या बाजूने मला आजवर एकच युक्तिवाद ऐकायला मिळाला आहे: "सगळ्यांच्या साइटवर असतो." दुसरा-तिसरा फोटो सरकून येईपर्यंत कोणी थांबत नाही. तुमचा सगळ्यात चांगला फोटो कोणता हे तुम्हाला ठरवता येत नसेल, तर ते काम गिऱ्हाइकावर ढकलू नका.

माझी सवय सांगते. मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये, त्यांना हात लावायचा नाही. साइटवर जाणारा प्रत्येक फोटो स्क्वूशमधून काढायचा. हे गुगलच्या क्रोम टीमचं फुकट साधन आहे, ब्राउझरमध्येच चालतं. दर्जा शंभरपैकी ७५च्या आसपास ठेवायचा. मोबाइलवर फरक दिसत नाही, माझ्याशी पैज लावून लोक हरले आहेत.

इथे हमखास कोणीतरी प्लगइनची, म्हणजे साइटला जोडायच्या आयत्या सॉफ्टवेअरची, आठवण काढतं: "त्यापेक्षा स्पीडचं प्लगइन टाकतो ना!" टाका. मग त्याच्याशी भांडणारं दुसरं टाका. कॅशचं प्लगइन, म्हणजे पानाची तयार प्रत साठवून ठेवणारं, ९ एमबीचा फोटो लहान करत नाही. 'लेझी लोडिंग', म्हणजे खालचे फोटो गरज पडेल तेव्हा आणणं, ही चांगली सोय आहे. पण काही प्लगइन ती सरसकट सगळ्या फोटोंना लावतात, अगदी पहिल्या फोटोलाही. मग जो फोटो सगळ्यात आधी दिसायला हवा तोच रांगेत मागे जातो. पहिल्या फोटोला त्यातून सूट द्या. आणि प्रत्येक फोटोची रुंदी-उंची कोडमध्ये लिहा, नाहीतर फोटो आला की पान खाली उडी मारतं आणि 'ऑर्डर द्या' दाबायला गेलेलं बोट भलत्याच लिंकवर पडतं.

साइटचा वेग मोजायचा कसा? गुगलचं पेजस्पीड इनसाइट्स वापरा, मोबाइलचा टॅब बघा. गुगलची अपेक्षा अशी: पानावरचा सगळ्यात मोठा भाग २.५ सेकंदांत दिसावा, टॅपला २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा (हा निकष मार्च २०२४ पासूनचा), आणि पान हलण्याचा आकडा ०.१च्या आत राहावा. नवशिके इथे दोन ठिकाणी घाबरतात. एक, छोट्या साइटला 'खऱ्या वापरकर्त्यांचा डेटा नाही' असा संदेश येतो. येणारच, तेवढी वर्दळ नसते. दोन, दुरुस्ती करून दुसऱ्या दिवशी बघतात तर आकडे जिथल्या तिथे. खऱ्या वापरकर्त्यांचे आकडे मागच्या २८ दिवसांचे असतात. आज दुपारी फोटो लहान केलात म्हणून ते संध्याकाळी बदलणार नाहीत. आणि शंभरपैकी शंभरचा हिरवा स्कोअर मिळवण्यासाठी रात्र जागवू नका. तोच स्कोअर दर चाचणीला थोडा इकडेतिकडे होतो.

"गुणवत्ता हीच आमची ओळख"

हे वाक्य खोडा. 'ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय' हेही. वाचणाऱ्याला हवं असतं ते असं: काय मिळतं, कितीला, कुठे, कधी उघडं. मुंबईत 'कुठे' म्हणजे आधी स्टेशन, मग पूर्व की पश्चिम. 'दादर' एवढंच लिहून मोकळे होणारे दुकानदार मी पाहिले आहेत. बिचारं गिऱ्हाईक चुकीच्या बाजूला उतरून पूल चढतं आणि कंटाळून तिथल्याच दुकानात शिरतं. पूर्व-पश्चिम लिहा, जवळची ठळक खूण लिहा, साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी ते लिहा.

'भावासाठी संपर्क करा' याबद्दल माझं मत कडक आहे. भाव बदलता असेल तर 'अमुकपासून सुरू' लिहा. भाव लपवला की माणूस फोन करत नाही, 'महाग असणार' असं समजून पुढे जातो.

मराठीचे हाल

दरपत्रक डीटीपीवाल्याकडून आलेलं, जुन्या फाँटमध्ये टाइप केलेलं. ते युनिकोड, म्हणजे सगळ्या फोन-कॉम्प्युटरना कळणारं टायपिंग, नसतं, त्यामुळे साइटवर चिकटवलं की अगम्य चिन्हं उमटतात. यावरचा लाडका शॉर्टकट म्हणजे त्या कागदाचा फोटो काढून तोच चढवणं. मग गुगलला त्यातला शब्द शोधून सापडण्याचा भरवसा नाही, फोन नंबरवर टॅप करता येत नाही, आणि आजोबांना तो झूम करून करून वाचावा लागतो. कन्व्हर्टर वापरून युनिकोड करा किंवा सरळ पुन्हा टाइप करा. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि लोक ते टाळण्यात चार दिवस घालवतात.

इंग्रजी थीम, म्हणजे साइटचा तयार साचा, आयती घेतली की आणखी एक गंमत होते. शीर्षकाच्या अक्षरांत अंतर वाढवलेलं असतं. इंग्रजीत ते ऐटबाज दिसतं, देवनागरीत शिरोरेषा तुटून शब्दाचे तुकडे पडतात. ते अंतर शून्य करा. दोन ओळींमधली जागा मात्र वाढवा, मी अक्षराच्या आकाराच्या १.६ पटीखाली जात नाही, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. फाँट हवा असेल तर 'मुक्त' किंवा 'बलू' बघा, दोन्ही मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट करणाऱ्या संस्थेने केलेले, गुगल फाँट्सवर फुकट. पानाची भाषा कोडमध्ये मराठी अशी नोंदवा. ज्या फाँटमध्ये सोय असते तिथे 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे दिसतात.

बाकीच्या, थोडक्यात

आत पाऊल टाकताच 'ईमेल द्या' म्हणणारी खिडकी: काढा.

आपोआप वाजणारी सनई: लोकलमध्ये सगळा डबा वळून बघतो.

होळीला दिवाळीचा बॅनर: दुकान बंद पडलं असं वाटतं.

व्हॉट्सअ‍ॅपची लिंक उघडत नाही: नंबरच्या सुरुवातीला शून्य किंवा अधिकचं चिन्ह असणार. ९१ आणि पुढे दहा आकडे, मध्ये मोकळी जागा नाही.

डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, भाच्याच्या मित्राच्या नावावर: आजच आपल्या खात्यात घ्या, रिन्यूअलची सूचना आपल्याच ईमेलवर येऊ दे. मित्र नोकरीसाठी पुण्याला गेला की शोधत बसाल.

संपर्काचा फॉर्म: भरला, 'धन्यवाद' आलं, मेल मात्र कुठेच नाही. आधी स्पॅम बघा, मग फॉर्म कोणत्या पत्त्यावर पाठवतो ते तपासा. बऱ्याचदा तिथे डिझायनरचाच पत्ता राहून गेलेला असतो. मी दर महिन्याच्या एक तारखेला प्रत्येक साइटचा फॉर्म स्वतः भरते, दुसऱ्याच्या फोनवरून.