इंटरनेट कॉलसाठी वायरलेस कीबोर्ड आणि स्पीकरफोन कसे निवडावेत

"तुमच्याकडे गारा पडतायत का?" कॉलवर पलीकडून प्रश्न आला तेव्हा माझ्या खिडकीबाहेर लख्ख ऊन होतं. गारा म्हणजे माझा नवा कीबोर्ड. स्पीकरफोन, म्हणजे माइक आणि स्पीकर एकत्र असलेलं यंत्र, त्याच्यापासून वीतभर अंतरावर होता आणि मी बोलता बोलता टिपणं टाइप करत होतो. मला स्वतःला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. या खरेदीतली गोम हीच आहे. पैसे आपण मोजतो, पण माल कसा निघाला ते समोरच्याला आधी कळतं. तेव्हा वस्तू पारखायची ती पलीकडच्या कानाने.

१. आधी जोडणी ठरवा

वायरलेसचे दोन मार्ग: ब्लूटूथ, किंवा यूएसबीत खोचायचा छोटा डोंगल. दोन्ही साधारण २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात आणि बरेचसे वायफायही तिथेच असतात. कीबोर्डला पाठवायचं असतं थोडकंच, त्यामुळे त्याला कुठलाही मार्ग चालतो.

स्पीकरफोनचं तसं नाही. ब्लूटूथवर गाणं सुरेख वाजतं आणि कॉल लागताच आवाज डब्यातून आल्यासारखा होतो, हे तुम्हीही अनुभवलं असेल. माइक सुरू झाला की नेहमीचं ब्लूटूथ 'हँड्स-फ्री' पद्धतीवर उतरतं. तिच्या जुन्या प्रकारात आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, 'वाइडबँड' प्रकारात १६,०००. नमुने जास्त तितका आवाज स्पष्ट. म्हणून खोक्यावर 'वाइडबँड' किंवा 'एचडी व्हॉइस' लिहिलंय का ते बघा. खरं सांगायचं तर रोज एकाच टेबलावरून कॉल करणाऱ्याने स्पीकरफोन सरळ यूएसबी केबलने जोडावा आणि वायरलेसची हौस कीबोर्डवर भागवावी. चार्जिंगची कटकटही वाचते.

कीबोर्डची अक्षरं मधूनच गळत असतील तर लगेच त्याला दोष देऊ नका. यूएसबी ३ चं पोर्ट आणि त्याला लावलेली हार्ड डिस्क याच २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट करतात. इंटेलने २०१२ साली यावर सविस्तर लिहिलं होतं. डोंगल दुसऱ्या पोर्टात लावा किंवा हातभर एक्स्टेन्शन केबलने लांब न्या, बहुतेकदा तेवढ्यानेच भागतं.

२. स्पीकरफोन पारखा

स्पीकरमधून आलेला समोरच्याचा आवाज आपल्या माइकमध्ये शिरतो आणि त्याचंच बोलणं त्याला परत ऐकू येतं. हा प्रतिध्वनी वजा करण्याचं काम 'इको कॅन्सलेशन' करतं. कॉलिंग ॲपही ते करतं, पण यंत्रातच सोय असलेली बरी.

दुसरा शब्द 'फुल डुप्लेक्स'. तो नसेल तर एक बोलताना दुसऱ्याचा आवाज कापला जातो. दावा खरा की खोटा हे दोन मिनिटांत कळतं. कुणाला तरी कॉल लावा. तुम्ही १ पासून वर मोजा, त्याने त्याच वेळी २० पासून खाली मोजायचं. दोघांनाही एकमेकांचे आकडे सलग ऐकू आले पाहिजेत. 'अकरा' ऐवजी 'करा' ऐकू आलं तर समजा पाणी मुरतंय.

'खोलीभर ऐकू येतो' या जाहिरातीला भुलू नका. अंतर दुप्पट झालं की तुमचा थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो, भिंतींवरून परतणारा घुमारा मात्र तेवढाच राहतो. म्हणूनच लांबून बोलणारा विहिरीतून बोलल्यासारखा वाटतो. एकट्यासाठी हातभर अंतर उत्तम.

म्यूटचं बटण न बघता सापडावं आणि म्यूट असताना दिवा स्पष्ट दिसावा. काही स्पीकरफोन स्वतःपुरते म्यूट होतात, ॲपमध्ये मात्र माइक चालूच दिसतो. मग आपण पाच मिनिटं तावातावाने बोलतो आणि शेवटी कुणीतरी म्हणतं, "अहो, काहीच ऐकू येत नाही." तुम्ही वापरता त्याच ॲपमध्ये हे तपासा.

३. आता कीबोर्ड

कॉलसाठी मऊ, बुटक्या कळांचा कीबोर्ड घ्या. टिकटिक करणारे मेकॅनिकल स्विच हाताला कितीही गोड लागोत, इथे नकोत. शिवाय खटखट हवेतून जाते त्यापेक्षा जास्त टेबलातून जाते. स्पीकरफोनखाली चौपदरी घडी केलेला रुमाल ठेवून बघा, माझ्या निम्म्या गारा तिथेच थांबल्या. ॲपमधलं 'नॉइज सप्रेशन' उरलेला गोंगाट खातं, पण कधीकधी शब्दांचे काठही कुरतडतं.

स्पेसबार चांगला हवा. झूमवर म्यूट असताना तो दाबून धरला की तेवढ्यापुरता माइक उघडतो. करकरणारा स्पेसबार अशा वेळी सगळ्यांना ऐकू जातो.

डोंगलवाला कीबोर्ड घेताना 'एईएस एन्क्रिप्शन', म्हणजे दाबलेली कळ सांकेतिक रूपात पाठवायची सोय, आहे ना ते वाचा. काही स्वस्त कीबोर्ड दाबलेली कळ उघडीच पाठवतात आणि ती दुरून टिपता येते, हे २०१६ साली संशोधकांनी दाखवून दिलं. पासवर्डही आपण याच कळांवर टाइप करतो.

बॅटरीचं फार मनावर घेऊ नका. कळांखालचे दिवे बंद ठेवले की सेल महिनोन्‌महिने पुरतात.

४. जोडसंच की सुटे?

दोघांना मिळून एकच डोंगल असेल तर पोर्ट वाचतं हे खरं, पण तो हरवला की बोलणं आणि लिहिणं एकदम बंद. मी सुटेच घेतो.

५. शेवटी रेकॉर्ड करून ऐका

नेहमीच्या जागी बसा, पंखा नेहमीइतकाच चालू ठेवा. एक परिच्छेद वाचून रेकॉर्ड करा आणि शेवटच्या दोन ओळी बोलता बोलता टाइप करा. मग हेडफोन लावून ऐका. हे सगळं वस्तू परत करायची मुदत संपायच्या आत. गारा ऐकू आल्या तर बिल आणि खोकं अजून हाताशी असेल.