पिर्क खेळताय? या चुका टाळा

बुद्धिबळात पांढऱ्याच्या ई४ ला काळ्याचं डी६, मग घोडा एफ६, जी६, उंट जी७ (अक्षर आणि आकडा म्हणजे पटावरचं घर; सोंगटीचं नाव नसेल तर ती प्याद्याची चाल). पिर्क डिफेन्सच्या या चाली व्हिडिओ बघून पाठ होतात आणि मुलं लगेच सांगतात, "सर, समोरचा काहीही खेळो, आपलं ठरलेलं." तसं नसतं. समोरचा पट बघून चालींचा क्रम बदलता येतो, हीच या ओपनिंगची (डावाच्या सुरुवातीच्या चालींची) ताकद आहे. घाई करणाऱ्यांना नेमकं तेच नको असतं.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे बी८ चा घोडा घाईने डी७ वर आणणं. एका शालेय स्पर्धेत माझ्या विद्यार्थ्याने दुसऱ्याच चालीला, पांढऱ्याच्या डी४ नंतर, तो आणला. पुढे उंट सी४, जी६; घोडा एफ३, उंट जी७. पांढऱ्याने उंटाने एफ७ चं प्यादं मारून शह दिला. राजाने उंट मारला. घोडा जी५, पुन्हा शह. राजा एफ६ वर गेला आणि वजीर एफ३ वर येऊन सातव्या चालीत मात. राजा ई८ किंवा एफ८ वर गेला असता, तरी घोडा ई६ वर येऊन वजीर गेलाच असता, कारण सी८ च्या उंटाची वाट स्वतःच्याच घोड्याने अडवली होती. पोरगं पटाकडे बघतच राहिलं. पांढरा उंट सी४ वर दिसला, की मी आधी घोडा एफ६ वर काढतो, कॅसलिंग (एकाच चालीत राजा आणि हत्ती हलवून राजा सुरक्षित करणं) करतो आणि मगच डी७ चा विचार करतो.

दुसरी चूक, डोळे मिटून केलेलं कॅसलिंग. पांढऱ्याने उंट ई३, वजीर डी२ केलं की त्याला उंट एच६ वर आणून तुमचा जी७ चा उंट मारामारीत पटावरून घालवायचा असतो. मागून एच प्यादं धावतं. अशा वेळी मी राजा मधल्या घरातच ठेवून सी६, बी५ करतो. १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या विक आन झे इथे कास्पारोव्हविरुद्ध ग्रँडमास्टर टोपालोव्हने हेच केलं आणि तेराव्या चालीला वजिराच्या बाजूला कॅसलिंग केलं. तो हरला, पण ओपनिंगमुळे नाही. लोक त्या डावातला हत्तीचा बळी तेवढा बघतात, पहिल्या तेरा चाली कुणी बघत नाही.

तिसरी चूक, सी५ किंवा ई५ ला प्यादं ढकलून पांढऱ्याच्या मधल्या प्याद्यांना धक्काच न देणं: मग गुदमरायला होणारच.

चौथी, पांढऱ्याचं एफ४ आलं की घाबरून मागे सरणं: १९७२ च्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात सतराव्या डावात स्पास्कीच्या एफ४ नंतर फिशरने पाचव्या चालीला सी५ केलं आणि डाव बरोबरीत सुटला. तो डाव पटावर मांडून हाताने खेळा.