मोथ्याची तारीख

वाडीत तण दिसलं की आधी त्याची काडी दोन बोटांत धरून फिरवून पाहा. तीन धारा बोटाला लागल्या की समजा मोथा. पुस्तकात लव्हाळा म्हणतात, दुकानात नागरमोथा, आमच्याकडे मोथाच. काडी गोल, पेरापेराला मुळ्या फुटलेल्या आणि ओढली की दोरीसारखी सरसर निघत जाते, ती हरळी. वांग्याच्या झाडाला पीळ घालत चढलेली, पांढऱ्या-गुलाबी भोंग्यासारख्या फुलांची नाजूक वेल दिसली तर ती चांदवेल. तिघांचा इलाज वेगळा आहे. हे न कळल्यामुळे माझी दोन वर्षं गेली.

नागपुरात हुडकेश्वरकडच्या लेआऊटमध्ये घराला लागून आमची 20 बाय 30 फुटांची मोकळी जागा आहे. हिंगण्याच्या एसटी वर्कशॉपमधून रिटायर झालो तेव्हा ठरवलं, आता भाजीला कॉटन मार्केटात जायचं नाही. वांगी, भेदरं (टोमॅटो), मेथी, सांभार (कोथिंबीर), सगळं घरचं. माती काळी, कसदार. पण मोथा माजलेला. मेकॅनिक माणूस, मशीनवर भरवसा. ट्रॅक्टरवाल्याला बोलावून रोटाव्हेटर दोनदा फिरवून घेतला. माती रव्यासारखी झाली. आठ-दहा दिवसांनी पाहतो तर एका काडीच्या जागी पाच. निंदायला येणारी भिवापूरकडची मावशी पदर तोंडाला लावून हसली, "भाऊ, तुमी त मोथा पेरून राहिले!"

तिचं खरंच होतं. मोथ्याच्या गाठी जमिनीखाली माळेसारख्या ओवलेल्या असतात. माळ अखंड असेल तर टोकाची गाठ बाकीच्यांना दाबून ठेवते, त्या झोपून राहतात. माळ तोडली की प्रत्येक गाठ स्वतःची मालकीण, प्रत्येकीला कोंब. बहुतेक गाठी वरच्या अर्ध्या फुटात असतात, थोड्या त्याखाली. पात ओढली तर पात हातात येते, गाठ खालीच राहते आणि दोन-चार दिवसांत पुन्हा हिरवं टोक वर. बी मात्र क्वचितच रुजतं. कारभार सगळा गाठींचा.

म्हणून कामाची सुरुवात उन्हाळ्यात. आपल्या नागपूरच्या उन्हाला सगळे शिव्या घालतात, मी एप्रिलची वाट पाहतो. गाठीला मारायचं तर वाळवून मारायचं, आणि वाळवणासाठी याहून चांगलं गाव कुठलं! पण कोरड्या काळ्या मातीत सब्बल (पहार) मारली तर नुसती ठिणगी उडायची बाकी राहते. आधी जागेला पाणी सोडा, चार-पाच दिवसांनी वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण न चिकटणारी झाली, की टिकासीने किंवा सब्बलीने फूटभर खोल ढेकूळ सुटं करा आणि अख्खं उलटवा. फोडू नका. पाटीएवढी मोठी ढेकळं तळ वर करून उन्हात तशीच पडू द्या. वाळली की आपोआप तडकतात, तेव्हा हाताने फोडून दिसतील त्या गाठी वेचा. दर चार दिवसांनी ढेकळं पालटा. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपेपर्यंत त्या जागेला पाण्याचा थेंब दाखवायचा नाही. कूलरचं पाणी त्या बाजूला सोडायची आमच्या घरी सवय होती, त्यावरून दोन दिवस अबोला झाला. वाळलेली गाठ नखाने दाबून पाहा: आत पांढरी, ओलसर असेल तर जिवंत, तपकिरी, पोकळ, हलकी झाली असेल तर गेली.

मल्चिंगचा काळा कागद आणायचा विचार असेल तर थांबा. मोथ्याचं टोक सुईसारखं असतं. अंधारात ते टोकदार राहूनच वर सरकतं आणि कागदाला भोक पाडून बाहेर येतं. माझ्या वांग्याच्या वाफ्यावर कागदाची चाळणी झाली होती. गंमत अशी, की पारदर्शक कागदाखाली उजेड लागताच त्याची पानं उलगडतात आणि आतच अडकतात. मे महिन्यात ओल्या, सपाट केलेल्या मातीवर पारदर्शक कागद ताणून, कडा मातीत गाडून सहा आठवडे ठेवला तर वरच्या थरातलं बाकी तणाचं बी भाजून निघतं. खोल गाठी त्यानेही मरत नाहीत. मी आता कागद फक्त मेथी-सांभाराच्या छोट्या वाफ्याला वापरतो. उरलेल्या जागेला उघडं ऊनच बरं.

पावसाळ्यात खरी परीक्षा. उन्हातून सुटलेल्या गाठी मृगाच्या पावसावर डोकं काढतातच. इथे वर्कशॉपची सवय कामी आली. गाडी बिघडल्यावर दुरुस्त करायची नसते, सर्व्हिसिंगची तारीख पाळायची असते. कोंब वर आल्यापासून तीन-चार आठवड्यांत मोथा खाली नव्या गाठी धरायला लागतो. तेवढ्यात त्याची पात गेली तर जुन्या गाठीतला साठा खर्चून त्याला पुन्हा उगवावं लागतं, शिल्लक काही पडत नाही. म्हणून दर पंधराव्या दिवशी, कॅलेंडरवर लाल गोल करून, सगळी जागा एका बैठकीत. पाच-सहा काड्याच आहेत म्हणून सोडल्या, की त्याच पुढच्या वर्षीचं बियाणं. खुरपं काडीच्या शेजारून तिरपं, चार बोटं खोल घाला आणि गाठीसकट उचला. जुलैच्या चिखलात गाठ निघत नसेल तर हट्ट धरू नका, माती तुडवूनच जास्त नुकसान होतं. फळीवर उभं राहून विळ्याने जमिनीलगत कापा. कापणं चालतं, तारीख चुकवणं चालत नाही.

दुसरं त्याचं दुखणं सावली. पहिल्या वर्षी कांदा, लसूण, सांभार लावूच नका. त्यांची पात जमीन झाकत नाही आणि मधे खुरपं घालायला जागाही नाही. पहिल्या पावसावर अर्ध्या जागेत बोरू (ताग) दाट फेकून पेरा, फुलावर यायच्या सुमारास कापून तिथेच पसरा. उरलेल्या जागेत चवळी, कोहळं, रताळी. कोहळ्याच्या पानाखाली मोथा पिवळा पडलेला पाहिला तेव्हा मला बक्षीस लागल्याचा आनंद झाला होता.

हरळीचं काम त्या मानाने सोपं, कष्टाचं मात्र आहे. वाफशावर दाताळ्याने माती मोकळी करून दोऱ्या अखंड ओढून काढा. पेराचा तुकडा राहिला तर तो पुन्हा रुजतो. माझ्या शेजारचा प्लॉट रिकामा, तिथून ती कुंपणाखालून दरवर्षी पाहुणी येते. शेवटी कडेने फूटभर चर खणून जुन्या शहाबादी फरश्या उभ्या गाडल्या, बोटभर वर ठेवल्या. चांदवेलीला खणू नका, तिचं मूळ माणसापेक्षा खोल जातं आणि तुकड्यातून फुटतं. दिसली की कापायची, एवढंच, पण काही वर्षं.

निघालेला माल खताच्या खड्ड्यात कधीच टाकू नका. मे महिन्यात स्लॅबवर पसरून कडकडीत होऊ द्या. नवीन दुखणं बहुधा ट्रॉलीतून येतं: गाळाची माती, शेणखत, नर्सरीची कुंडी. आलेला ढीग बाजूला ठेवून पाणी मारा, तीन आठवडे काय उगवतं ते पाहा, मग वापरा. (मोथ्याच्या गाठी उटण्यात घालतात म्हणून मी अर्धा किलो घेऊन इतवारीत एका पन्सारीकडे गेलो होतो. त्याने नीट हुंगून, हसून परत दिल्या.)

औषधाचं विचारतात बरेच जण. उसातल्या मोथ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिळतं, पण दहा भाज्या एकत्र असलेल्या वाडीत ते काय कामाचं? ग्लायफोसेट तर हिरवं दिसेल ते मारतं, आणि 2022 मध्ये केंद्र सरकारने त्याची फवारणी फक्त कीडनियंत्रण चालकांकडूनच करण्याचं बंधन घातलं. एकदा शेजारच्या लेआऊटमध्ये कोणीतरी टू-फोर-डी हे तणनाशक फवारलं, वाऱ्याने थोडं इकडे आलं, तर माझ्या भेदरांची पानं पंख्यासारखी आवळून गेली. त्या वर्षी चटणी नाही.

आता चौथं वर्ष चालू आहे. वाफे साफ आहेत, फक्त कढीपत्त्याच्या बुडाशी एक कोपरा उरलाय. तिथे सब्बल घातली तर झाडाची मुळं तुटतील, म्हणून नुसतं कापत राहतो. गेल्या खेपेला अकरा काड्या निघाल्या, त्याआधी चौदा. परवा पंधरावा दिवस आहे.