डोक्याला मार लागल्यावर पहिल्या तासांत या चुका टाळा

उसाचा हंगाम सुरू झाला की आमच्या अपघात विभागातल्या रात्री लांबतात. अंधारात न दिसलेली ट्रॉली, मागून धडकलेली मोटारसायकल. मी कोल्हापुरात परिचारिका आहे. मेंदूच्या ऑपरेशनला उशीर होतो तो बहुतेक वेळा दवाखान्याच्या दाराबाहेरच झालेला असतो, आणि तो जीव तोडून मदत करणाऱ्यांच्याच हातून होतो. म्हणून हे लिहिते आहे.

"बोलतोय की, काही झालं नाही." सगळ्यात घातक चूक हीच. कानशिलाचं हाड पातळ, आणि आतून त्याला लागूनच रक्तवाहिनी जाते. हाड तडकून ती फाटली की कवटीच्या आत रक्त साकळत जातं. पोरगं क्षणभर बेशुद्ध होतं, मग उठून चहासुद्धा पितं. काही तासांनी डोकं ठणकतं, उलटी होते, मग गुंगी. कागलकडच्या एका आईनं मला सांगितलं, "दमला हुता, घोरत हुता, म्हणून पांघरूण घातलं." आणला तेव्हा त्याची उजवी बाहुली पसरलेली होती, बॅटरीच्या उजेडाला हलत नव्हती. ते घोरणं झोपेचं नव्हतं. जीभ मागं पडून श्वास अडत होता. हा रक्ताचा गोळा वेळेत काढला तर माणूस आपल्या पायांनी घरी जातो, म्हणून जीव जास्तच हळहळतो.

उलटी, वाढती डोकेदुखी, बोबडं बोलणं, हातपाय लुळा पडणं, झटका, कानानाकातून पाणी किंवा रक्त: एक जरी दिसलं तरी निघा. "दारू प्यायलाय, उतरेल" हे घरच्यांनी ठरवायचं नाही, ते सीटी स्कॅन ठरवेल.

"टाके घालून, सलाईन लावून मग पुढं नेऊ." ही दुसरी चूक. श्वास अडला असेल, रक्त थांबत नसेल, तर जवळच्या दवाखान्यात थांबावंच लागतं. प्राणवायू कमी पडला किंवा वरचा रक्तदाब 90 च्या खाली गेला तर मेंदूला दुसरा मार बसतो. पण नुसत्या टाक्यांसाठी तास घालवू नका. 108 ला फोन करा आणि जिथं नेणार तिथं आधी विचारा: सीटी चालू आहे का, मेंदूचे सर्जन आत्ता आहेत का? आजरा, गगनबावड्याकडून येताना वाटेतच किती वेळ जातो ते तुम्हाला माहीत आहे. 1981 साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात मेंदूवर रक्त साकळून बेशुद्ध झालेले 82 रुग्ण होते. चार तासांच्या आत ऑपरेशन झालेल्यांत 30 टक्के दगावले, उशीर झालेल्यांत 90 टक्के. पुढच्या अभ्यासांत फरक एवढा मोठा निघाला नाही, तरी कवटीच्या आतला दाब वाढत असताना कुणी थांबत नाही.

"थोरले काका पुण्याहून निघालेत, ते आल्यावर सही करू." काका साताऱ्यापर्यंत येतात तोवर बाहुली पसरते. शंका फोनवर विचारा, डॉक्टरांशी त्यांचं बोलणं करून द्या, पण सही अडवू नका.

उलट बाजूही आहे. बेशुद्ध आहे म्हणजे कवटी उघडायलाच हवी, असं नसतं. मेंदूच्या आवरणाबाहेरचा रक्ताचा गोळा 30 मिलिलिटरपेक्षा मोठा, किंवा आवरणाखालचा 10 मिलिमीटरपेक्षा जाड, किंवा मेंदू मध्यरेषेपासून 5 मिलिमीटरहून जास्त सरकलेला, असे ढोबळ निकष असतात. मेंदूचे तंतूच ठिकठिकाणी तुटले असतील तर काढण्यासारखं काही नसतं. अशा वेळी भांडू नका. पुढचा स्कॅन कधी, एवढं विचारा. सूज उतरायला स्टेरॉइडचा आग्रहही नको, त्यानं मृत्यू वाढतात हे सिद्ध झालंय.

तोंडात पाणी घालू नका, कांदा हुंगवू नका, मान मुरगळेल असं उचलू नका. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर तिचं पाकीट बरोबर आणा.

आणि वेळ लिहा. गेल्या जानेवारीत एका मित्रानं पेशंटच्या मनगटावर बॉलपेननं लिहून आणलं होतं: पडला 9.40, बोलला 10.05, उलटी 10.30. सर्जननी आधी ते मनगट वाचलं, मग स्कॅन बघितला, आणि मला ऑपरेशन थिएटरला फोन लावायला सांगितला.