बाळ मांडीवर, अंक बाजूला: पहिल्या तीन महिन्यांत वाचन कसं चालू ठेवावं

'बाळ झोपलं की वाचत जा' हा सल्ला मला पहिल्या बाळंतपणात चार जणांनी दिला. चौघांपैकी एकानेही रात्री तीन वाजता ओलं दुपटं बदललेलं नव्हतं. बाळ झोपलं की झोपायचं असतं. झोप येत नसेल तर न्हाऊन घ्यायचं, नाहीतर एकदा तरी बसून गरम वरणभात खायचा. वाचायचं ते बाळ पीत असताना.

हिशेब करा. नवजात बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पितं, आणि एकेका खेपेला पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. त्यातल्या चार खेपा जरी वाचनाला मिळाल्या तरी तास होतो. नोकरी करताना रोज तासभर वाचत होतात का? दोन माझी, दोन मुलीची आणि एक भाचीचं अशी पाच बाळंतपणं मी काढली आहेत. पाचही वेळा वाचन टिकलं ते याच तासावर.

पहिली पायरी: घरातल्यांची समजूत

'बाळंतिणीने वाचू नये, डोळे जातात.' माझ्या आजेसासूबाई वर्तमानपत्र उशीखाली लपवून ठेवायच्या. वाद घालू नका, फुकट जातो. मी म्हटलं, "आजी, मला नका वाचू देऊ, पण तुम्ही तरी वाचून दाखवा." मग त्या निधनवार्तांपासून कांद्याच्या भावापर्यंत सगळं खड्या आवाजात वाचायच्या. महिनाभराने घसा बसला आणि पेपर आपोआप माझ्या हातात आला.

वाचल्याने डोळे जात नाहीत. जागरणाने ते चुरचुरतात, कमी उजेडात शिणतात, आणि विश्रांती मिळाली की ठीक होतात. मात्र एकाएकी धूसर दिसू लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि जोडीला डोकं ठणकत असेल, तर त्याच दिवशी, त्याच तासाला डॉक्टर गाठा. बाळंतपण झाल्यानंतरही रक्तदाब चढू शकतो. त्या वेळी 'वाचत बसली होती ना, म्हणून' असं म्हणून कोणी ते उडवून लावत असेल तर ऐकू नका.

दुसरी पायरी: काय वाचायचं

तुकड्यातुकड्यांचं. कथा, ललित लेख, प्रवासवर्णन, पत्रं, नाहीतर आधी वाचलेली आवडती कादंबरी. तिच्यात मध्येच डुलकी लागली तरी धागा सुटत नाही. बालसंगोपनाचं एकच पुस्तक घरात ठेवा आणि ते दिवसा उघडा. रात्री दोन वाजता मोबाईलवर 'बाळ हिरवी शी करतं' असं शोधणाऱ्या बाईला सकाळपर्यंत सतरा आजार सापडतात.

दिवाळी अंकाइतकं सोयीचं या काळाला दुसरं काही नाही. १९०९ साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी घरात एका जिल्दीत कथा, कविता, लेख, व्यंगचित्रं असं सगळं एकत्र येतंय. फक्त तो एका हाताने वाचायचा असतो याचा विचार कुणी केलेला दिसत नाही. अडीचशे पानी अंक एका हातात धरून पाहा, मनगट बोलायला लागेल.

म्हणून तो कापा. हो, कापा. पाठीला डिंकाने चिकटवलेला अंक दोन लेखांच्या मध्ये सपाट उघडा, आतल्या घडीवर पातं वरून खाली ओढा आणि चाळीस-पन्नास पानांचे भाग करा. प्रत्येक भागाच्या पाठीवर खाकी चिकटपट्टी लावा. पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा नवऱ्याने तोंड फिरवलं होतं. मुलीच्या वेळेला तोच पट्टी लावत बसला होता. ज्यांचा जीव होत नाही त्यांनी वाचनयंत्र (ई-रीडर) घ्यावं, ते हलकं असतं. जाड पुठ्ठा-बांधणीचे ग्रंथ कपाटात सुखात असू द्या.

तिसरी पायरी: पाजताना वाचणं

इथेच सगळ्या चुका होतात. माझ्याही झाल्या, म्हणून जरा सविस्तर.

पहिले दोन आठवडे पाजताना वाचू नका. एक ओळसुद्धा नाही. पहिल्या खेपेला मी सातव्या दिवशी कादंबरी उघडली. दूध चालू आहे, बाळ शांत आहे, मग काय, असं वाटलं. बाळ नुसतं टोक चोखत होतं आणि मी नायिकेच्या बापाशी भांडत होते. दोन दिवसांत चिरा पडल्या आणि पुढचे दहा दिवस मी ओठ चावून, रडत पाजलं. दोष कादंबरीचा नव्हता. माझी नजर बाळाच्या तोंडावर नव्हती.

त्या दोन आठवड्यांत शिकायचं ते हे. तोंड मोठं उघडलेलं हवं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला टेकलेली. नुसतं टोक नाही, भोवतीचा काळपट भागही बराचसा तोंडात गेलेला हवा. गाल आत ओढले जात नाहीत. सुरुवातीच्या क्षणानंतर दुखत नाही. गिळल्याचा आवाज येतो. चुकलं तर ओढून काढू नका. करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून आत घाला, पकड सुटते, मग पुन्हा लावा. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा जास्त लंगोट ओले होत असतील आणि वजन वाढत असेल तर दूध पोचतंय. हे न पाहता जमायला लागलं की मगच पुस्तकाला हात लावा. कुणाला तीन आठवडे लागतात, भाचीला पाच लागले. दुखणं थांबतच नसेल तर स्तनपान शिकवणाऱ्या परिचारिकेला एकदा दाखवा. 'सवय होईल' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. दुखण्याची सवय करायची नसते.

आता बैठक. पाठ भिंतीला टेकलेली, पायाखाली पाट. मांडीवर उशी, म्हणजे बाळ छातीपर्यंत येतं आणि आपण बाळावर वाकत नाही. पुस्तकासाठी वाकणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या. महिन्याभरात मान आणि पाठ दोन्ही धरतात.

अंक कुठे ठेवायचा, तर बाळाच्या वर कधीच नाही. मोकळ्या हाताच्या बाजूला दुसरी उशी, तिच्यावर अंकाचा भाग, आणि उलटलेल्या पानांना कपड्यांचा चिमटा. माझ्या दुसऱ्या मुलाच्या वेळी मी पुस्तक त्याच्या डोक्यावर धरून वाचत होते. डुलकी लागली, पुस्तक सुटलं आणि थेट कपाळावर. टेंगूळ आलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

दिवा मागे आणि पुस्तकाच्या बाजूला, मंद पिवळा. पांढऱ्याफटक उजेडात बाळ टक्क जागं होतं आणि मग दोन तास तुमचं मनोरंजन करतं.

आणि हे मी हात जोडून सांगते: रात्री सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बसून पाजत वाचू नका. डोळा लागला तर बाळ गादीच्या फटीत घसरू शकतं, नाक दबू शकतं, जीव जाऊ शकतो. ओळ दोनदा वाचली गेली की समजा, झोप आली. पुस्तक नंतर मिटा, आधी बाळाला त्याच्या सपाट जागी पाठीवर निजवा, भोवती उशी-गोधड्यांची रास नको. प्रकरण कुठे थांबलं ते शोधायला सकाळ पडली आहे.

चौथी पायरी: ढेकर

बाळ खांद्यावर, अंक जुन्या एकदारी फ्रिजवर उघडा, आपण उभ्याने. उंची नेमकी जमते.

पाचवी पायरी: बाळालाही ऐकवा

काय वाचता याला महत्त्व नाही. मुलीच्या सासऱ्यांनी नातीला दोन महिने शेअर बाजाराचं पान वाचून दाखवलं, ती खुशीत असायची. नवजात बाळाला २० ते ३० सेंटिमीटरवरचंच स्पष्ट दिसतं, म्हणजे मांडीवरून आपला चेहरा. चित्रांची महागडी कार्डं आत्ता घेऊ नका, तोंड दाखवा. आवाज मात्र ते आधीपासून ओळखतं. १९८६ साली अमेरिकेत डिकास्पर आणि स्पेन्स या संशोधकांनी गरोदर बायकांना शेवटचे दीड महिने रोज एकच गोष्ट मोठ्याने वाचायला लावली होती. जन्मल्यावर बाळांनी नव्या गोष्टीपेक्षा तीच पसंत केली. बाबांनी इथे पुढे यावं. दूध पाजता येत नाही, वाचता येतं.

घरात थोरलं भावंड असेल तर हा नियम करा: धाकट्याला पाजायची वेळ ती थोरल्याच्या गोष्टीची वेळ. नाहीतर नेमकं तेव्हाच त्याला शू येते, पडायला होतं, पाणी हवं असतं. माझ्या नातवाला 'आता बाळ दूध पिणार' म्हटलं की तो स्वतःच 'किशोर'चा अंक घेऊन यायचा. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक संकेतस्थळावर मोफत आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवरही मराठी गोष्टी फुकट वाचता येतात.

चौथ्या-पाचव्या महिन्यात बाळ हात लांब करून कागद ओढतं आणि थेट तोंडात घालतं. त्या दिवशी अंकाचे भाग उचलून फ्रिजवर ठेवा आणि त्याला जाड पुठ्ठ्याचं, गोल कोपऱ्यांचं एक पुस्तक द्या. तेही ते चघळणारच आहे. चघळू द्या.