वाड्याचा ग्रुप चालवताना या चुका टाळा

व्हॉट्सॲप ग्रुप कसा सांभाळावा याचे जे सल्ले इंटरनेटवर मिळतात, ते बहुतेक अनोळखी माणसांच्या ग्रुपांसाठी लिहिलेले असतात. नियम मोडला, काढून टाका, विषय संपला. गोव्यात, म्हणजे साखळीत, डिचोलीत, पेडण्यात किंवा फोंड्याच्या एखाद्या वाड्यावर (गावातल्या वस्तीवर) हे चालत नाही. रात्री ज्याला ग्रुपमधून काढला, तो सकाळी पोदेर (पाववाला) आला की पाव घ्यायला शेजारी उभा असतो, आणि जत्रेच्या नाटकाला पडद्याची दोरी त्याच्याच हातात असते. म्हणून इथल्या ॲडमिनने नियम लिहिताना स्वतःला एवढंच विचारावं: हा नियम मी माझ्या मामालाही लावीन का? लावणार नसाल तर लिहूच नका.

नियमांची लांबलचक यादी

कुठल्यातरी दुसऱ्या ग्रुपमधून आलेली पंचवीस-तीस कलमांची तयार यादी चिकटवायची, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. ती कुणी वाचत नाही, हे एक वेळ परवडलं. पण त्यातलं 'शुभ सकाळ टाकू नये' हे कलम पहिल्याच आठवड्यात देवस्थान कमिटीचे अध्यक्ष मोडतात आणि ॲडमिन गप्प बसतो. तिथून पुढे कुणालाही काही सांगायला गेलं की उत्तर तयार असतं, "त्यांनी टाकलं तेव्हा कुठं होतास?"

चार-पाच ओळी पुरतात. साधारण अशा:

"हा ग्रुप वाड्याच्या कामासाठी आहे: वीज, पाणी, रस्ता, देवळातले कार्यक्रम, हरवलं-सापडलं. कुणाच्या घरच्यांवर, जातीवर, धर्मावर लिहिलेलं इथे राहणार नाही. फॉरवर्ड टाकताना कुणाकडून आलं ते लिहा. ॲडमिनबद्दल तक्रार असेल तर फोन करा."

हे ग्रुपच्या माहितीत घाला आणि पिनही करा. व्हॉट्सॲपवर पिन जास्तीत जास्त ३० दिवस टिकतो, मग आपोआप निघतो. नियम गायब झाले अशी ओरड होते ती यामुळेच. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी आणि शिगम्याच्या (होळीच्या वेळच्या उत्सवाच्या) आधी तो पुन्हा लावायची सवय ठेवा.

शुभ सकाळवाल्यांचं काय करायचं? बंदी घालून उपयोग नाही. ते मेसेज टाकणारे बहुतेक निवृत्त मास्तर, आत्या, काका असतात. त्यांना रोखलं तर ते भांडत नाहीत, रुसतात, आणि रुसलेल्या मास्तरांची समजूत काढण्यापेक्षा भांडण परवडलं. २०२२ च्या अखेरीस व्हॉट्सॲपने कम्युनिटीची सोय दिली. तिच्यात निरोपांचा वेगळा ग्रुप ठेवता येतो आणि तिथे फक्त ॲडमिन लिहितात. गप्पांचा ग्रुप वेगळा करा आणि फुलांची चित्रं तिथे सुखाने येऊ द्या.

सगळ्यांसमोर झापणं

नरकासुराची रात्र घ्या, दिवाळीत पहाटे नरकासुराचा पुतळा जाळतात त्याआधीची. एक वाजलाय. कुणीतरी लिहितं, "घरात आजारी माणूस आहे, डीजे बंद करा." त्यावर एक पोरगा, "वर्षातून एकदाच असतो, कानात कापूस घाला काका." तिसरा उडी घेतो, "तुमच्या मुलाच्या लग्नात किती वाजेपर्यंत वाजत होतं ते आठवा." इथवर प्रकरण आवाजाचं आहे. मग ॲडमिन जागा होतो आणि त्या पोराचं नाव घेऊन लिहितो, "तुला ही शेवटची ताकीद." झालं. आवाज राहिला बाजूला, आता विषय पोराच्या अपमानाचा. त्याचा भाऊ येतो, मस्कतहून मावशी येते, आणि पहाटे नरकासुर जळून गेला तरी ग्रुप धुमसत राहतो.

अशा वेळी ग्रुप 'फक्त ॲडमिन' या सेटिंगवर टाका आणि एकच ओळ लिहा: "आवाजाचं आम्ही बघतो. ग्रुप सकाळी ८ वाजता उघडेल." नाव कुणाचंही नको. मग फोन. आधी तक्रार करणाऱ्या काकांना, मग डीजेपाशी जो मोठा असेल त्याला. शक्य असेल तर चालत जा. ऐकलंच नाही तर पोलिसांचा ११२ नंबर आहे, पण तो निर्णय ज्याच्या घरी आजारी माणूस आहे त्याचा.

बरेच ॲडमिन इथवर नीट करतात आणि सकाळी आठ वाजता ग्रुप उघडायचा विसरतात. 'पुढील सूचनेपर्यंत बंद' ठेवलेल्या ग्रुपाला दुपारपर्यंत भावंड जन्मतं, आणि त्याच्या नावात 'खरा' हा शब्द असतो.

पोराशी बोलायचं ते खाजगीत आणि थोडक्यात. "तुझा मुद्दा समजला, लग्नाचं तेवढं वाक्य काढ." व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज १५ मिनिटांपर्यंत बदलता येतो, आणि सगळ्यांसाठी डिलीट करायला दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ मिळतो. त्याने स्वतः काढला तर त्याची अब्रूही राहते. तुम्ही काढलात तर तुमचं नाव तिथे उमटतं.

डिलीट करून गप्प राहणं

ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी काढण्याचा अधिकार २०२२ पासून मिळाला. मात्र त्या जागी कुठल्या ॲडमिनने काढला ते दिसत राहतं. मग लोक मूळ मेसेज काय असेल याची कल्पना करतात, आणि ती कल्पना मूळ मेसेजापेक्षा दहा पट वाईट असते. काढल्याबरोबर कारण लिहा: "फोटोत लहान मुलीचा चेहरा आणि शाळेचं नाव दिसत होतं म्हणून काढला." धमकी असेल तर काढण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. पोलिसांकडे जायची वेळ आली तर तो लागतो.

'फक्त मराठीत लिहा'

नाट्यमंडळाच्या आणि भजनी मंडळाच्या ग्रुपांत हा नियम हमखास घुसतो. भावना कळते, पण आपल्याकडे घरात कोंकणी आणि पत्रिकेत, भजनात, रंगमंचावर मराठी, असं चालत आलंय. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतली कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीचा सरकारी वापरही त्याच कायद्यात राहिला. त्यावरचे रुसवे अजून लग्नाच्या पंगतीत निघतात. अशा ठिकाणी भाषेचा नियम लावणं म्हणजे भांडणाला जागा आखून देणं.

नेहमीचा प्रसंग असा. प्रकाशयोजना बघणारा मुलगा रोमन लिपीत कोंकणीतून लिहितो की तालमीला यायला उशीर होईल. खाली एका ज्येष्ठ नटाचा शेरा पडतो, "आधी लिहायला शिका." मुलगा उत्तर देत नाही. नंतर तो उशीर होणार असला तरी कळवत नाही, आणि तंत्राच्या तालमीला दिवे कुणी लावायचे हा प्रश्न उभा राहतो.

नियम हवाच असेल तर तो सूचनांपुरता ठेवा: तारीख, वेळ, जागा देवनागरीत, म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचता येईल. बाकी ज्याला जसं जमेल तसं लिहू दे. आणि मराठी-कोंकणी वाद पेटलाच तर बाजू घेऊ नका, तुमची बाजू कितीही बरोबर असली तरी. १९६७ च्या जनमत कौलाच्या (गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का, या मतदानाच्या) आधीपासून जे भांडण चालू आहे ते तालमीच्या आदल्या रात्री मिटणार नाही, एवढं म्हणून तालमीची वेळ पुन्हा टाका.

खऱ्यासारखी दिसणारी अफवा

पावसाळ्यात अंजुणे धरणाचे दरवाजे उघडले की वाळवंटी नदीला पाणी चढतं आणि साखळीच्या बाजारातले दुकानदार माल वर उचलायला धावतात. हे खरोखर घडतं, म्हणूनच गेल्या वर्षीचा मेसेज किंवा भलत्याच धरणाचा व्हिडिओ फिरला तरी लोक विश्वास ठेवतात. सरसकट खोट्या अफवेपेक्षा ही जुनी खरी बातमी जास्त घोळ घालते.

ॲडमिन इथे दोन टोकांना चुकतात. एक जण शंका म्हणून मेसेज काढतो आणि काही बोलत नाही, दुसरा घाबरून स्वतःच आणखी चार ग्रुपांत टाकतो. बरोबर क्रम असा: मेसेज काढा, टाकणाऱ्याला तारीख आणि कुणाकडून आलं ते विचारा, जलस्रोत खात्यात किंवा पंचायतीत कुणाला तरी फोन लावा, मग स्वतःच्या शब्दांत वेळ घालून लिहा: "दुपारी ३.१०. खात्यात फोन केला, दरवाजे उघडलेले नाहीत. ५ वाजता पुन्हा विचारून सांगतो." आणि ५ वाजता खरंच सांगा.

मेसेजावर दोन बाण दिसले तर तो खूप हातांतून फिरून आलाय असं समजा. असा मेसेज एका वेळी एकाच चॅटवर पाठवता येतो, ही मर्यादा २०२० पासूनची. त्याआधी २०१८ च्या जुलैत भारतात फॉरवर्ड एका वेळी पाच चॅटपुरतं केलं गेलं. त्याच महिन्याच्या १ तारखेला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं होतं. 'मुलं पळवणारी टोळी आलीय' हा मेसेज आजही अधूनमधून उगवतो, गावाचं नाव बदलून. तो आधी काढायचा, चौकशी मागाहून.

असंच आधी काढायचं आणखी एक: लग्नपत्रिका किंवा वाहनाचं चलन म्हणून आलेली एपीके फाइल, म्हणजे उघडली की फोनवर ॲप बसवणारी फाइल. ओळखीच्या माणसाच्या नावावरून येते, कारण त्याचा फोन आधीच दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असतो. त्या माणसाला व्हॉट्सॲपवर कळवून उपयोग नाही, साधा फोन करा. कुणाचे पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

निधनाची बातमी आली की 'भावपूर्ण श्रद्धांजली'च्या दीडशे ओळींखाली अंत्ययात्रेची वेळ गाडली जाते. वेळ आणि जागेचा मेसेज लगेच पिन करा. हात जोडणाऱ्यांना रोखू नका.

'ॲडमिनला अटक होते' आणि 'ॲडमिनला काही होत नाही'

दोन्ही फॉरवर्ड सारखेच फिरतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये म्हटलं की सदस्याच्या आक्षेपार्ह मेसेजसाठी, दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरलेली योजना दिसत नसेल तर, ॲडमिनला फौजदारी जबाबदार धरता येत नाही. गोव्यात पर्वरीला बसतं ते याच न्यायालयाचं खंडपीठ, म्हणून हा निकाल आपल्याही कामाचा. पण त्यातला युक्तिवाद नीट बघा: ॲडमिनच्या हातात माणूस घेणं आणि काढणं एवढंच असतं, मजकूर आधी तपासणं नसतं. दुसऱ्याचा मेसेज काढायची सोय त्यानंतर आली. त्यामुळे माझं मत असं, की कुणी तक्रार केल्यावरही मेसेज तसाच ठेवणाऱ्याने त्या निकालावर फार विसंबू नये. आणि मजकूर ॲडमिनने स्वतः पुढे पाठवला असेल तर तो त्याचाच.

अधिकार कुणाकडे

एकटा ॲडमिन नको. तो बाहेर पडला तर व्हॉट्सॲप सदस्यांतल्या कुणालाही ॲडमिन करून टाकतं. दहा जणही नकोत. तीन-चार पुरेत, पण एकाच घरातले नकोत, आणि त्यांच्यात एखादी बाई असू द्या. कित्येक तक्रारी पुरुष ॲडमिनला सांगितल्याच जात नाहीत. पंचायतीला किंवा देवस्थान कमिटीला जो उभा राहतो त्याने निकाल लागेपर्यंत ॲडमिनपद सोडावं. कमिटी बदलली तर कुलपांच्या किल्ल्यांबरोबर ग्रुपही सोपवावा. हे लेखी ठरवून ठेवलं नाही तर जुने सोडत नाहीत आणि नवे वेगळा ग्रुप काढतात.

शेकडो माणसांचा ग्रुप असेल, उदाहरणार्थ गोवाभरच्या नाट्यप्रेमींचा, तर टेलिग्राम बघा. तिथे एखाद्याला ठरावीक काळापुरतं लिहिण्यापासून रोखता येतं, स्लो मोड लावला की दोन मेसेजांमध्ये थांबावं लागतं, आणि कुठल्या ॲडमिनने कुणाला काढलं हे बाकीच्या ॲडमिनना ४८ तासांपर्यंत दिसतं.

व्हॉट्सॲपवर शेवटी काढणं हाच उपाय उरतो, आणि कधीकधी तो करावाच लागतो. काढताना मुदत सांगा: "चवथ झाली की परत घेतो." मुदत संपली की त्याने विचारायची वाट न बघता परत घ्या. ग्रुपवर माफी मागायला लावू नका, 'पुनश्च स्वागत'ही नको. दोन दिवसांनी त्याच्या हातातल्या कामाचंच काही विचारा, मांडवाचे वासे कुणाकडे आहेत किंवा विहिरीवरचा पंप कोण दुरुस्त करतो, असं. तो उत्तर देईल.